वाचक विचारतात : 'लांगल', नझरुल आणि चार महिन्यांचं साप्ताहिक

मागच्या अंकात बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांच्याविषयी मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर ठाणे-नवी मुंबईतून एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. शुद्धलेखनाचे आणि जुन्या कागदपत्रांच्या जपणुकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेईन.

प्रश्न : वाशीला दुर्गापूजेच्या मंडपात एका मुलीने 'कुली-मजूर' ही नझरुलची कविता म्हटली. अर्थ अर्धाच कळला, पण अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या बंगाली बाई म्हणाल्या की ही कविता 'लांगल' नावाच्या मासिकात पहिल्यांदा आली आणि ते मासिक चार महिन्यांत बंद पडलं. इतकं चांगलं छापणारं मासिक एवढ्या लवकर का बंद पडावं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : त्या बाईंनी सांगितलं ते खरं आहे. एवढंच की 'लांगल' मासिक नव्हतं, साप्ताहिक होतं. हे आधीच सांगते, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं या साप्ताहिकपणावरच उभं आहे.

लांगल म्हणजे नांगर. डिसेंबर १९२५मध्ये कलकत्त्याला ३७, हॅरिसन रोड या पत्त्यावरून पहिला अंक निघाला (आज त्या रस्त्याला महात्मा गांधी रोड म्हणतात) आणि एप्रिल १९२६मध्ये शेवटचा. सगळे मिळून पंधरा-सोळा अंक. संपादक म्हणून मणिभूषण मुखोपाध्याय यांचं नाव असे आणि 'प्रधान परिचालक' म्हणून नझरुल यांचं. अंकावर जुन्या काळचा बंगाली वैष्णव कवी चंडीदास याचं वचन होतं : माणसा, ऐक, सगळ्यांच्या वर माणूस हेच सत्य, त्याच्यावर काही नाही. रवींद्रनाथांनीही आशीर्वादाच्या दोन ओळी दिल्या होत्या. हलधर बलरामाला त्यांनी हाक घातली आहे : तुझा नांगर आण, वैराण जमीन फोड, बळ दे, फळ दे, हा फुकाचा कोलाहल थांबू दे.

हे पत्र एका पक्षाचं होतं. नोव्हेंबर १९२५मध्ये नझरुल, हेमंतकुमार सरकार, कुतुबुद्दीन अहमद आणि शमसुद्दीन हुसेन यांनी काँग्रेसच्या अंतर्गतच 'लेबर स्वराज पार्टी' काढली. तिचं धोरण 'लांगल'मध्ये नझरुल यांच्या सहीने छापून आलं. कारखाने, खाणी, रेल्वे, ट्राम, आगबोटी देशाच्या मालकीच्या व्हाव्यात आणि सगळ्यांच्या भल्यासाठी चालाव्यात, अशी मागणी त्यात होती. फेब्रुवारी १९२६मध्ये कृष्णनगरला परिषद भरली आणि पक्षाने नाव बदलून शेतकऱ्यांना आणि कामगारांना नावातच जागा दिली.

आता पहिल्या अंकाकडे या. त्या एका अंकात नझरुल यांची 'साम्यवादी' ही अकरा कवितांची माळ छापली आहे. 'ईश्वर', 'माणूस', 'पाप', 'वारांगना', 'नारी', 'कुली-मजूर' या सगळ्या तिथल्या. आज आपण त्या संग्रहात किंवा शाळेच्या पुस्तकात वाचतो, आणि तिथे त्यांच्या शेजारी काय छापलं होतं हे पुसलं जातं. रेल्वे सगळ्यांच्या मालकीची करा म्हणणाऱ्या पत्रातच 'कुली-मजूर' आली आहे, आणि तिची सुरुवात रेल्वेतच होते. त्या दिवशी पाहिलं, कवी सांगतो, एका बाबूसाहेबाने 'कुली' म्हणून एका माणसाला ढकलून खाली पाडलं. डोळ्यांत पाणी आलं. जगभर दुबळ्यांनी असाच मार खायचा का?

आणि मग ती ओळ येते, जी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. ज्या दधीचींच्या हाडांवर ही आगगाडी चालते, त्या गाडीत बाबूसाहेब चढले आणि कुली खाली पडले. वज्रासाठी हाडं देणारा ऋषी नझरुलने फलाटावर आणून उभा केला, डोक्यावर ट्रंक देऊन. पुढे कवी विचारतो : रस्त्यावर मोटारी, समुद्रात जहाजं, रुळांवर गाड्या, हे कोणाचं देणं आहे? तुमचा वाडा कोणाच्या रक्ताने लाल झाला? डोळ्यांवरची झापडं काढून पाहा, विटेविटेवर लिहिलंय. दिवसेंदिवस देणं साठत गेलंय, ते फेडावं लागणार. तुम्ही आम्ही ज्या ठाण्यात राहतो तिथवर देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली आली. ते रूळ कोणी टाकले त्यांची नावं स्टेशनातल्या कुठल्याही पाटीवर नाहीत. ठाण्याच्या फलाटावर उभं राहून ही कविता मनात म्हणून पाहा. मंडपात अर्धी निसटली ती तिथे पुरी सापडेल.

ही कविता लिहिणारा माणूस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याआधीची चार वर्षंही धामधुमीतच गेली होती. पलटणीतून परत आल्यावर तो मुझफ्फर अहमद (पुढे कम्युनिस्ट पुढारी झाले ते) यांच्याबरोबर राहू लागला. तालतला लेनमधल्या त्यांच्या खोलीत १९२१च्या डिसेंबरअखेर एका रात्रीत 'विद्रोही' लिहून झाली. ती शिसपेन्सिलीने लिहिली होती. मुझफ्फर अहमद यांनी त्याचं कारण असं दिलं आहे की दौतीत टाक पुनःपुन्हा बुडवायचा म्हटलं तर हात मनाच्या मागे पडला असता. सकाळी पहिली ऐकणारेही तेच. ऑगस्ट १९२२मध्ये नझरुल यांनी 'धूमकेतू' काढला. तो आठवड्यातून दोनदा निघे. २६ सप्टेंबरच्या अंकात 'आनंदमयीर आगमने' ही कविता आली, देवीला विचारणारी की आणखी किती दिवस मातीच्या मूर्तीमागे लपून राहणार. सरकारने ती राजद्रोही ठरवली. २३ नोव्हेंबरला कोमिल्लात कवीला अटक झाली, आणि जानेवारी १९२३मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी. हुगळीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण सुरू केलं तेव्हा रवींद्रनाथांनी तार केली की उपोषण सोड, आमच्या साहित्याचा तुझ्यावर हक्क आहे. तार गेली प्रेसिडेन्सी जेलच्या पत्त्यावर, आणि 'इथे असा कोणी नाही' म्हणून परत आली.

म्हणजे 'धूमकेतू' सरकारने मारला असं म्हणता येतं. 'लांगल'चं तसं नाही. त्यावर कोणी छापा घालून कुलूप लावलं नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, आणि ते देण्याआधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं.

जांभळी नाक्याच्या मागे एक छापखाना होता. तिथे मी बरीच वर्षं मुद्रितशोधक होते. खिळे जुळवण्याचा काळ. वागळे इस्टेटमधल्या कामगारांचं एक साप्ताहिक आमच्याकडे छापायला येई. बुधवारी रात्री फर्मा मशीनवर चढायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत शेवटची गॅली माझ्या हातात यायला हवी. ओल्या कागदावर काढलेलं प्रूफ, त्याला शाईचा वास, आणि शेवटच्या पानावर चार इंच जागा रिकामी. संपादक रिमांच्या थप्पीवर बसून ती चार इंच भरत. कधी बातमी, कधी कविता. जुळारी शेजारी उभा राहून ओळ लिहून झाली की कागद ओढून घेई. तिथे मी एक शिकले. साप्ताहिक लेखकाची वाट पाहत नाही, ते त्याच्याकडून लिहून घेतं. 'साम्यवादी'च्या अकरा कविता सावकाश सुचल्या असत्या तर कदाचित घोटीव झाल्या असत्या. पण त्या एका अंकासाठी, एका ठरावीक वाचकासाठी लिहिल्या गेल्या म्हणूनच बोलल्यासारख्या आहेत, असं मी मानते.

त्याच छापखान्यात साप्ताहिक मरताना कसं मरतं हेही पाहिलं. कागदवाल्याला रोख लागते. छापखान्याचं बिल महिनाभर थांबतं, फार तर दोन. टपालाचे पैसे तर आधीच मोजावे लागतात. विकलेल्या अंकांचे पैसे मात्र विक्रेत्याकडून तीन महिन्यांनी येतात, आणि त्याबरोबर परतीचे अंक येतात सुतळीने बांधून. जाहिराती मालक लोक देतात, आणि मालकांविरुद्ध लिहिणाऱ्या पत्राला ते कशाला देतील? उरली वर्गणी. आमच्याकडच्या त्या साप्ताहिकाचे वर्गणीदार स्वतःच संपावर होते.

आता १९२६चं बंगाल डोळ्यांपुढे आणा. शंभरातल्या जेमतेम दहाजणांना लिहितावाचता येत होतं, आणि 'लांगल' ज्यांच्यासाठी निघाला ते उरलेल्या नव्वदांमधले. अंक विकत घेणारे मुख्यतः शहरातले शिकलेले तरुण. ज्याच्या नावावर अंक खपे तो माणूस जानेवारी १९२६पासून कलकत्त्यात राहतच नव्हता. नझरुल कृष्णनगरला बिऱ्हाड घेऊन गेले, शंभरेक किलोमीटरवर, आणि तिथे मलेरिया आणि दारिद्र्य दोन्ही मागे लागले. मुझफ्फर अहमद कलकत्त्यात कामाला लागले खरे, पण कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात शिक्षा भोगत असताना क्षय झाला म्हणून त्यांना सोडलेलं, नुकतेच कुठे उठून बसले होते. पैसे नाहीत आणि माणसंही नाहीत. त्यात एप्रिलच्या सुरुवातीला कलकत्त्यात हिंदू-मुसलमान दंगा पेटला. त्याच महिन्यात 'लांगल'चा शेवटचा अंक निघाला.

पण त्यानंतर काय झालं तेही वाचा. १२ ऑगस्ट १९२६ला तेच लोक 'गणवाणी' हे नवं नाव घेऊन परत आले, संपादक मुझफ्फर अहमद. नांगरात फक्त शेतकरी दिसतो, 'गणवाणी'त गिरणी कामगारही आला. दंग्यानंतरच्या त्या दिवसांत नझरुल यांनी त्यात 'मंदिर ओ मस्जिद' हा लेख लिहिला. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचं सौम्येंद्रनाथ ठाकूर यांनी केलेलं बंगाली भाषांतर त्यातच क्रमशः आलं, आणि जगभरच्या कामगारांच्या 'इंटरनॅशनल' गीताचा नझरुल यांनी केलेला बंगाली अवतारही १९२७मध्ये तिथेच आला. 'गणवाणी'सुद्धा खंड पडत पडत चाललं. २० मार्च १९२९ला मीरत कटाच्या, म्हणजे कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांच्या, धरपकडीत मुझफ्फर अहमद पुन्हा आत गेले. म्हणून 'लांगल'चं आयुष्य चार महिन्यांचं धरू नका. ज्या माणसांनी ते चालवलं त्यांनी १९२०पासून जवळजवळ दहा वर्षं एकच पत्र वेगवेगळ्या नावांनी काढलं, असं मी त्याकडे पाहते.

प्रश्न : नझरुल कम्युनिस्ट होते की नव्हते? आमच्या कट्ट्यावर यावरून वाद झाला.
— एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले नाहीत. लेबर स्वराज पार्टीच्या संस्थापकांपैकी ते एक, मुझफ्फर अहमद यांचे जिवलग, आणि १९२६मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक ढाका विभागातून लढवून हरलेले. पुढे त्याच लेखणीतून श्यामासंगीतही (कालीमातेची भक्तिगीतं) आलं आणि इस्लामी गीतंही. एका पेटीत बसणारा माणूस नव्हे. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं बरोबर ठरवून वाद मिटवा.

प्रश्न : राग मानू नका, पण पक्षाच्या मुखपत्रात छापलेल्या कवितेला साहित्य का म्हणायचं? ती प्रचारच असते. नझरुल यांची 'विद्रोही' मला थोर वाटते, 'साम्यवादी' मात्र भाषणासारखी.
— एक निवृत्त शिक्षिका, कळवा

उत्तर : बाई, राग कसला. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'साम्यवादी'तल्या सगळ्या कविता एका तोलाच्या नाहीत. 'पाप'मध्ये उदाहरणांची रांग लागते आणि कविता दमते. 'नारी'तली सुरुवात, जगात जे काही थोर घडलं त्यातलं अर्धं स्त्रीने घडवलं आणि अर्धं पुरुषाने, ही बंगालमध्ये इतक्या व्यासपीठांवरून म्हटली गेली आहे की आता ती ऐकू येणंच बंद झालंय.

पण 'वारांगना' वाचा. १९२५ साली एक तरुण कवी वेश्येला 'आई' म्हणून हाक मारतो आणि विचारतो, तुझ्यावर थुंकतं कोण? तुला सती मानलं नाही तरी तू आमच्या आया-बहिणींच्याच जातीची. आईला 'असती' म्हणायचं तर बाप कोण, याचा हिशेब तो पुढे मागतो. हे भाषण वाटत असेल तर ते करायला छाती लागते, आणि त्या काळच्या प्रतिष्ठित मासिकांत त्याला किती जागा मिळाली असती याची मला शंका आहे. पक्षाच्या पत्राने ती दिली.

'विद्रोही'शी तुलना तुम्हीच काढलीत म्हणून सांगते. त्या कवितेत 'मी' हा शब्द शंभराहून जास्त वेळा येतो. मी झंझावात, मी चक्रीवादळ, मी अमुक, मी तमुक. वाचताना श्वास पुरत नाही, आणि ती थोर आहेच. चार वर्षांनी तोच कवी 'मी' बाजूला ठेवतो आणि हमाल, बाई, चोर, शेतकरी यांना एकेक कविता देतो. हे बदलणं मला त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट वाटते. ते आपोआप झालं नाही. मध्ये तुरुंग होता, आणि आता दर आठवड्याला कोणासाठी तरी लिहायचं होतं. वाचक बदलला की कवितेतला माणूस बदलतो.

शिवाय 'लांगल'मध्ये नुसते ठराव आणि जाहीरनामेच नव्हते. मॅक्सिम गॉर्कीच्या 'आई'चं नृपेंद्रकृष्ण चट्टोपाध्याय यांनी केलेलं बंगाली भाषांतर त्यात क्रमशः येत होतं. कार्ल मार्क्सचं चरित्र येत होतं. विचार करा, बंगालमधल्या एखाद्या मोफसल (शहरापासून लांबच्या) गावातल्या शिक्षकाला रशियातली ती आई पहिल्यांदा भेटली असेल ती अशी, हप्त्याहप्त्याने, पुढचा अंक येतो की नाही या धाकात.

तुम्ही शिक्षिका होता म्हणून एक सुचवते. वर्गात 'विद्रोही' शिकवलीत तशी 'वारांगना' एकदा मोठ्याने वाचा, कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. मग मला पुन्हा लिहा. तरीही भाषण वाटलं तर तेही याच सदरात छापीन.

प्रश्न : बंगाल्यांचं कौतुक पुरे झालं. आपल्याकडे मराठीत असं काही निघत होतं की नाही?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : निघत होतं, आणि तेही बरंच आधी. कोपरीतून पत्र आलंय म्हणून ठाण्यापासूनच सुरू करते. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्याचा. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधू' बंद पडलं होतं, ते लोखंड्यांनी १८८०मध्ये मुंबईत पुन्हा उभं केलं आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. गिरणीला रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली ती त्यांच्याच चळवळीने. 'लांगल' निघाला तेव्हा लोखंड्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. ठाण्यात त्यांचं नाव सांगितलं तर दहातले आठजण 'कोण?' म्हणतात. मला याचं फार वाईट वाटतं.

मग 'मूकनायक'. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२०ला ते पाक्षिक सुरू केलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि तीनेक वर्षांत तेही थांबलं. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता : 'काय करूं आतां धरुनिया भीड, निःशंक हें तोंड वाजविलें.' पुढे १९२७च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या. आता 'लांगल'वरचा चंडीदास आठवा. दोन प्रांतांतली ही माणसं एकमेकांना विचारून काही करत नव्हती. आपण काही परकं बोलत नाही, आपल्याच संतांनी हे आधी म्हणून ठेवलंय, हे वाचकाला पहिल्या पानावरच सांगण्याची निकड दोघांनाही वाटली. जो समाज संतांची वचनं तोंडपाठ म्हणतो त्याला त्याच वचनांच्या खाली उभं करायचं आणि मग प्रश्न विचारायचा. बंगालमध्ये तो जमीनदाराविषयी होता, आपल्याकडे जातीविषयी.

डाव्या बाजूचं म्हणाल तर श्रीपाद अमृत डांगे यांनी मुंबईत 'सोशालिस्ट' काढलं ते ऑगस्ट १९२२मध्ये. 'धूमकेतू'ही त्याच महिन्यातला. 'सोशालिस्ट' मात्र इंग्रजीत होतं. १९२४च्या कानपूर कटाच्या खटल्यात डांगे आणि मुझफ्फर अहमद एकाच पिंजऱ्यात उभे होते, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता यांच्यासह, आणि चौघांनाही चार-चार वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या कामकरी-शेतकरी पक्षाचं मराठी साप्ताहिक 'क्रांती' १९२७मधलं. तेही पडत-उठत चाललं, आणि मीरतच्या खटल्यात मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर हे सगळे पुन्हा मुझफ्फर अहमद यांच्या शेजारी बसले.

एक खंत बोलून दाखवते. 'लांगल'ला नझरुल मिळाला तसा आपल्या 'क्रांती'ला त्या तोलाचा कवी त्या वर्षांत मिळाला नाही. गिरणगावाला त्याचे शाहीर मिळाले ते नंतर, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या रूपाने, आणि त्यांनी छापील अंकापेक्षा डफावर जास्त भिस्त ठेवली. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचं तर ते शहाणपणाचंच होतं. नझरुल यांनाही हे उमगलं होतं म्हणून त्यांनी शेतकऱ्यांची आणि श्रमिकांची गाणी लिहिली. कृष्णनगरच्या परिषदेत ती गायली गेली, आणि अंक बंद पडला तरी गाणी बंद पडली नाहीत.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी मिळून कामवाल्या बायकांच्या प्रश्नांवर एक छापील अनियतकालिक काढायचं म्हणतोय. मोबाइलच्या जमान्यात हा वेडेपणा आहे असं घरचे म्हणतात. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : काढा. घरच्यांना माझं नाव सांगा.

पण कामाचं बोलू. अनियतकालिक म्हणताय ते उत्तम, साप्ताहिक तुमच्या मानगुटीवर बसणार नाही. पहिल्याच अंकावर सगळे पैसे उडवू नका. तीन अंकांचा कागद आणि छपाई एवढे पैसे हातात असल्याशिवाय पहिला अंक छापखान्यात देऊ नका, कारण पहिला अंक उत्साहात खपतो, दुसरा ओळखीपाळखीत जातो, आणि तिसऱ्यालाच खरे वाचक कळतात. प्रती कमी छापा. उरलेले गठ्ठे घरात पडून राहिले की मन खचतं, ते मी पाहिलंय. जमाखर्च चौघींपैकी एकीनेच ठेवावा आणि तो दर अंकाच्या शेवटच्या पानावर छापावा. लोक विश्वास ठेवतात.

दुसरं महत्त्वाचं. ज्यांच्यासाठी काढताय त्या बायकांपैकी किती जणी तो वाचतील? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुपारी, त्यांची पहिली पाळी संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते त्या मधल्या तासात, सोसायटीच्या पायरीवर बसून कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवा. आणि त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत पुढच्या अंकात घ्या. व्याकरण सुधारायला मी आहे, पण मी त्यांचं फार सुधारणार नाही. प्रूफं पाठवा. पैसे घेणार नाही.

प्रश्न : 'लांगल'विषयी मुळातून वाचायचं असेल तर कुठे पाहावं? मला बंगाली लिपी येत नाही.
— एक विद्यार्थी, नेरूळ

उत्तर : मुझफ्फर अहमद यांनी नझरुल यांच्या आठवणींचं 'काझी नझरुल इस्लाम : स्मृतिकथा' हे पुस्तक बंगालीत लिहिलं आहे. या सगळ्या पत्रांच्या जन्ममरणाची माहिती त्यात आतल्या माणसाने सांगितली आहे. त्यांचं पक्षाच्या सुरुवातीच्या दिवसांवरचं आत्मकथन इंग्रजीतही उपलब्ध आहे, तुम्ही तिथून सुरू करा. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (ते १८९३पासून चालू आहे) 'मूकनायक' आणि लोखंडे यांच्याविषयीची मराठी पुस्तकं विचारून पाहा, म्हणजे दोन्ही बाजू समोर राहतील.

लिपीचं म्हणाल तर घाबरू नका. मी शिकले ती बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात नोकरीला आलेल्या बंगाली कुटुंबातल्या बौदींकडून (म्हणजे वहिनींकडून), स्वयंपाकघरात बसून. देवनागरी येणाऱ्याला अक्षरं लवकर ओळखू येतात. जोडाक्षरं तेवढी त्रास देतात. शब्दांचं ओझंही नाही, कारण निम्मे संस्कृतातून आलेले, आपलेच. नेरूळ-वाशीकडे बंगाली शेजारी मिळणं अवघड नाही. 'कुली-मजूर'पासूनच सुरुवात करा. ओळी छोट्या आहेत, आणि 'दधीची' आला की तुम्ही स्वतःच थांबाल. अडलं तर त्या ओळीचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा.